स्फोटाच्या आधीचे धक्के

"स्फोट इथे आहे," माथुर साहेब म्हणाले. "आणि हे सगळं त्याच्या आधीचं आहे. मला एक सांगा, स्फोटाच्या आधी जमीन हलते का कधी?"

व्हिडिओ कॉल चालू होता. माथुर साहेब नागपूरहून बोलत होते. आम्ही बंगळुरूत, इंदिरानगरच्या ऑफिसमधल्या छोट्या मीटिंग रूममध्ये. आम्ही म्हणजे आमचे राघवेंद्र सर आणि मी. स्क्रीनवर आलेख होता. मधोमध एक जाड, लांब पट्टा, तो खाणीतला स्फोट. त्याच्या डाव्या बाजूला काट्यांसारखे उभे धक्के, एकामागून एक. त्यातले दोन-तीन तर स्फोटापेक्षाही उंच.

"हे रोज होतं," माथुर साहेब म्हणाले. "भोंगा झाला की सुरू. रविवारी ब्लास्टिंग बंद, तर रविवारी हेही बंद. याचा अर्थ काय? ती बाई आमच्या भोंग्याची वाट बघते आणि मशीनजवळ उड्या मारते. कुणीतरी शिकवलंय तिला."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

"तीन नंबरचं युनिट रिपोर्टमधून काढा," माथुर साहेब म्हणाले. "एकच ओळ लिहा. टॅम्परिंगमुळे वगळलं."

टॅम्परिंग म्हणजे यंत्राशी केलेली छेडछाड. आमच्या धंद्यात हा शब्द फार जड आहे. तो एकदा लिहिला गेला की त्या जागेवरचं आधीचं आणि नंतरचं काहीच कुणी मानत नाही.

आमचं काम थोडक्यात सांगते. खाणीत कोळशाच्या वरचा खडक फोडायला सुरुंग लावतात. त्याचा हादरा जमिनीतून पसरतो आणि जवळपासच्या घरांपर्यंत जातो. किती हादरा चालेल याची सरकारी मर्यादा ठरलेली असते. हादरा मोजणाऱ्या यंत्राला सिस्मोग्राफ म्हणतात. ऑफिसात आम्ही नुसतं युनिट म्हणतो. डब्याएवढं असतं. त्याला एक जिओफोन असतो, तो जमिनीचं हलणं टिपतो. आणि एक माइक असतो, तो हवेतला दणका टिपतो. आत सिमकार्ड असतं. खाण कुठेही असो, आकडे बंगळुरूत येतात आणि ठेकेदारालाही दिसतात.

ही खाण चंद्रपूरच्या बाजूची होती. एका खाजगी ठेकेदार कंपनीकडे होती, तिचं नाव लिहीत नाही. खाणीच्या कडेला एक वस्ती आहे. तिथल्या लोकांनी तक्रार केली होती की घरांच्या भिंती तडकतायत. वरून आदेश आला की तटस्थ माणसांकडून मोजून घ्या. म्हणून ठेकेदाराने आम्हाला काम दिलं. पहिलं युनिट शाळेत, दुसरं समाजमंदिरात आणि तिसरं शकुंतलाबाई नावाच्या एका बाईंच्या घरात. तिसरं खाणीला सगळ्यात जवळ. मर्यादा ओलांडली जाणार असेल तर तिथेच. ते वगळलं की वस्तीची तक्रार संपली. आणि सुरुंग आहेत तेवढेच राहिले.

कॉल संपल्यावर सर म्हणाले, "पल्लवी, तू चंद्रपूरची ना?"

"हो सर."

"या खाणीपासून घर किती लांब?"

"शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. आमच्याकडे दुसरी खाण लागते."

"घरचं कुणी या कंपनीत?"

"नाही सर. बाबा डंपर चालवतात, पण वेगळ्या ठेकेदाराकडे."

सर नुसतं "सरी" म्हणाले. कन्नडमध्ये त्याचा अर्थ ठीक आहे, पण ज्या सुरात ते म्हणाले त्यात सगळं ठीक नव्हतं.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि इंटर्नशिपसाठी बंगळुरूला आले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजोबा तेलंगणाच्या बाजूने आले आणि खाणीत लोडर झाले. लोडर म्हणजे फोडलेला कोळसा फावड्याने डब्यात भरणारा माणूस. तेव्हा आमच्याकडच्या खाणी बहुतेक भुयारी होत्या. आजी सांगायची की वर बाजार भरलेला असायचा आणि खाली माणसं काम करत असायची, बाजाराला पत्ताही नसायचा. खाणीसाठी छत्तीसगढ, बिहार, आंध्र, कुठून कुठून लोक आले. आमच्या चाळीत एकाच नळावर पाच भाषांत भांडणं व्हायची, आणि सगळ्यांना सगळ्या शिव्या कळायच्या.

मग खुल्या खाणी आल्या. खुली खाण म्हणजे जमिनीचं वरचं सगळं काढून टाकायचं आणि उघड्यावर कोळसा काढायचा. काढलेल्या मातीचे डोंगर झाले. आता बाहेरगावचे पाहुणे आले की विचारतात, हा कोणता डोंगर? आम्ही सांगतो, आम्हीच केला. शहर खाणीकडे सरकलं आणि खाण शहराकडे. कपडे आम्ही घरात वाळवतो, कारण बाहेर वाळवले तर पुन्हा धुवावे लागतात. पाण्यावर झाकण, पिठावर झाकण, झोपलेल्या बाळावर ओढणी. यातलं काही मला वेगळं वाटायचं नाही. बंगळुरूला आल्यावर मैत्रिणींनी विचारलं तेव्हा कळलं की हे सगळीकडे नसतं.

तर आता हे युनिट. मी आधी माथुर साहेबांचं म्हणणं खोटं ठरवायला बसले आणि मलाच ते खरं वाटायला लागलं. सगळ्या दिवसांचे आलेख, माथुर साहेबांच्या आलेखासारखे स्फोटापर्यंत कापून, एकाखाली एक लावले. युनिट बसवल्यावर पहिले काही दिवस स्वच्छ होते. फक्त स्फोट, बाकी काही नाही. मग एका दिवशी अचानक हे काटे सुरू झाले आणि त्यानंतर रोज. भोंगा ते स्फोट या मधल्या वेळातच. आधी काही नाही आणि अचानक सुरू, म्हणजे कुणीतरी शिकवलं असणार. शाळेच्या आणि समाजमंदिराच्या युनिटवर असलं काही नव्हतं.

माथुर साहेबांवरही माझा विश्वास नव्हता. तीन युनिटांपैकी त्यांना नको असलेलं नेमकं तेच, ज्याचे आकडे वर होते. मग मला वाटलं, मी असा विचार करते कारण लहानपणापासून आमच्याकडे खाणवाल्यांबद्दल असंच बोलतात. मग वाटलं, खाणवाल्यांबद्दल असं बोलतात ते उगाच नाही. असं दोन्ही बाजूंनी सुरू होतं.

युनिट बसवायला बसू अण्णा गेले होते. ते आमचे फील्ड टेक्निशियन, बेळगावचे. आमच्या ऑफिसात मी मराठीत बोलू शकते ते फक्त त्यांच्याशी. त्यांची मराठी वेगळी आणि माझी वेगळी, पण चालून जातं.

"अण्णा, तीन नंबर तुम्ही नीट बसवलं होतं ना?"

"म्हणजे?" अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "कोण काय बोललं?"

"कुणी नाही. मी विचारते."

"तू विचारतेस म्हणजे सर विचारालेत." त्यांनी मोबाइल काढला. "हे बघ. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून बसवलोय. खाली प्लास्टर ऑफ पॅरिस घातलोय, वर वाळूची पिशवी. जिओफोन हलायचा नाही. फोटो हाय की नाही? वीस वर्षं हेच करालोय मी."

फोटो बरोबर होता. तरी मी विचारलं, "नंतर कुणी हलवलं असेल?"

"त्या बाईनं? ती चांगली बाई हाय. मला जेवायला घातली." मग थांबून म्हणाले, "पण हुशार हाय. एवढं मात्र खरं. मशीनचं सगळं विचारून घेतली. हे काय, ते काय, आकडा कुठं जातो, कोण बघतंय."

म्हणजे बाईंना माहीत होतं की यंत्र काय करतं. हेही माथुर साहेबांच्याच बाजूचं निघालं.

रिपोर्ट सोमवारी जायचा होता. रविवारी मी मारतहळ्ळीच्या पीजीवरच होते. माझी रूममेट ऋजुता पुण्याची, आयटीत नोकरी करते. ती सकाळी उठून खिडकीकडे गेली आणि माझ्या स्टीलच्या डब्याला पाय लागून तिने तो पार कपाटाखाली घालवला.

"पल्लवी, तुला एक प्रॉब्लेम आहे," ती पाय चोळत म्हणाली. "एवढं मोठं रॅक दिलंय पीजीवाल्यांनी. माझ्या बाजूला जागा नाही, तुझी बाजू रिकामी. तुझी बाटली खाली, डबा खाली, आरसा खाली. वर ठेवलं तर काय पडणार आहे का?"

"पडेल ना," मी म्हणाले.

"कशाने?"

मी "सुरुंगाने" म्हणायला गेले आणि तिथेच थांबले.

आमच्याकडे रोज दुपारी भोंगा होतो. पहिला भोंगा म्हणजे आता सुरुंग उडणार. खाणीतली माणसं लांब जातात. आणि वस्तीतल्या बाया मांडणीवरची भांडी उतरवतात. गुंड, डबे, परात, पितळेचं काही असेल ते, सगळं जमिनीवर. आमच्याकडे पाण्याच्या मोठ्या भांड्याला गुंड म्हणतात. भरलेला गुंड वरून पडला तर फरशी फुटते किंवा पाय फुटतो. खिडक्या उघडायच्या, म्हणजे काच तडकत नाही. मग अंगणात येऊन उभं राहायचं. स्फोट होतो. घर एकदा अंग झाडतं. दुसरा भोंगा झाला की आत जाऊन भांडी पुन्हा वर. सुट्टीच्या दिवशी हे माझं काम असायचं. झाडलोट करावी तसं ते करायचं, त्याचं नाव सुद्धा नाही कुठलं. मी चंद्रपूरची, मी हादऱ्यांचं काम करते, आणि इतके दिवस ते काटे बघून मला हे आठवलं नव्हतं.

मी लॅपटॉप उघडला. एक गोष्ट बघायची होती. भांडी उतरवली जातात तशी परतही ठेवली जातात. म्हणजे स्फोटानंतर, दुसरा भोंगा झाल्यावर, पुन्हा काहीतरी दिसायला हवं. माथुर साहेबांनी आम्हाला आलेख पाठवला होता तो स्फोटाशी संपत होता. मी पुढचा भाग काढला. होते. छोटे होते, पण होते. रोज. भांडी भिंतीतल्या मांडणीवर ठेवताना जेवढा धक्का बसेल तेवढेच.

ज्याला आकडा वाढवायचा आहे तो स्फोट होऊन गेल्यावर कशाला उड्या मारेल?

ऋजुता म्हणाली, "काय झालं? हसतेस कशाला?"

"काही नाही. तुझा पाय बरा आहे ना?"

पण हसू टिकलं नाही. कारण अण्णांचा फोटो आठवला. युनिट बाहेरच्या खोलीत होतं, मांडणी असणार स्वयंपाकघरात. मधे भिंत. तिथून भांड्यांचा धक्का एवढा मोठा लागणार नाही. आणि पहिले काही दिवस स्वच्छ का? बाईंनी पहिल्या आठवड्यात भांडी उतरवली नाहीत, मग उतरवायला लागल्या, असं होत नाही. माझं उत्तर अर्धंच बसत होतं. आणि मला ते पूर्ण बसलेलं हवं होतं, याचीच मला भीती वाटली. आपल्या माणसांसाठी मी सबब तर शोधत नाही?

सोमवारी सकाळी सरांना विचारून शकुंतलाबाईंना फोन लावला. सर समोरच बसले होते. त्यांना मराठी थोडंसं कळतं. किती कळतं हे त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

"मावशी, मी बंगळुरूहून बोलते. मशीनच्या कंपनीतून."

"कोणती कंपनी? खाणवाल्यांची?"

"नाही, मोजणाऱ्यांची. बसू अण्णा आले होते ना, त्यांच्या ऑफिसातून."

"त्यायले देना मग फोन."

"ते आज बाहेर गेलेत. मला एवढंच विचारायचं होतं, मशीन जिथं बसवलं होतं तिथंच आहे ना?"

"आहे जी. मी कायले हात लावू तिले?"

"मला एक फोटो पाठवता का?"

"माह्या फोनमध्ये फोटो निघत नाही."

ज्या नंबरवर मी बोलत होते त्याला व्हॉट्सअॅप होतं आणि त्यावर त्यांच्या नातवाचा फोटो होता. सरांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं. बाई लपवतायत हे नक्की. काय लपवतायत तेवढंच उरलं.

मग मी जे विचारायचं ठरवलं नव्हतं ते विचारलं. "मावशी, भोंगा झाल्यावर गुंड कुठं ठेवता तुम्ही?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तुले कसं माहीत?"

"आमच्या घरी पण उतरवतात."

"तू कुठली वं?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी दोन माणसांची नावं घेतली. त्यातलं एक मला माहीत होतं. तरी त्या लगेच विरघळल्या नाहीत. म्हणाल्या, "मग बंगळुरूले काय करून राहिली? खाणवाल्यांचंच काम?"

"मोजायचं काम, मावशी. पण तुमच्या घरचं मोजलेलं रद्द होणार आहे. ते म्हणतात तुम्ही मशीनजवळ उड्या मारता."

"उड्या?" त्या म्हणाल्या. "माह्या गुडघ्यानं मले पायरी चढवत नाही, आन् मी उड्या मारतो म्हणते? कोन म्हणते थो?"

"मग मशीन कुठं आहे?"

 मागे कुकरची शिट्टी झाली.

"सैपाकघरात आहे," त्या म्हणाल्या. "मांडणीच्या खाली. धान्याच्या कोठीमागं."

मग सगळं आलं. बसू अण्णा परत गेल्यावर काही दिवसांनी एक माणूस आला. हेल्मेट घातलेला, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, बॅटरी बघतो. यंत्राजवळ बसला, बाईंना पाणी आणायला सांगितलं. त्या पाणी घेऊन आल्या तेव्हा वाळूची पिशवी बाजूला होती. माणूस म्हणाला, झालं. पुन्हा एकदा आला तेव्हा बाईंनी दार उघडलं नाही.

"तुमच्या अण्णानं सांगतलं होतं, माह्याशिवाय कोनी येनार नाही. मंग हा कोन? म्हणून मी उचललं आन् आत नेऊन ठेवलं. सैपाकघरात परका माणूस येत नाही. माह्या डोळ्यासमोर राहते."

"मावशी, उचलल्यावर त्याचं मोजणं चुकतं."

"आन् त्यानं काही केलं असतं तं बरोबर आलं असतं का?"

सरांना विचारून सांगते, असं मी म्हणाले. मी फोन ठेवला.

सर म्हणाले, "सांग."

मी सांगितलं. काहीच गाळलं नाही, यंत्र हलवलं आणि काटे तेव्हापासूनच सुरू झाले तेही. सांगताना मला कळत होतं की मी माझ्याच बाजूची केस बिघडवते आहे. मांडणीच्या खाली, प्लास्टर नाही, पिशवी नाही, नुसतं फरशीवर ठेवलेलं युनिट. अशा जागी स्फोटाचा आकडाही खऱ्यापेक्षा वाढून येऊ शकतो. नियमाप्रमाणे हलवल्यानंतरचं सगळं बाद.

"म्हणजे माथुरचं कारण चूक आणि मागणी बरोबर," सर म्हणाले.

"हो सर. पण टॅम्परिंग लिहू नका. जागा बदलली असं लिहा. टॅम्परिंग लिहिलं तर तिथं पुन्हा मशीन बसणार नाही."

"तिथली आहेस म्हणून म्हणतेस?"

"मला माहीत नाही सर," मी म्हणाले. मी खरंच तेच म्हणाले. "म्हणून मी दोन वेगवेगळ्या दिवसांचे आलेख काढलेत. दिवस आणि वेळ झाकलीय. तुम्ही बघा आणि सांगा, कुठला धक्का कशाचा."

सरांनी कागद घेतले. मला वाटलं चिडतील. पण त्यांना असली कोडी आवडतात हे मी एव्हाना ओळखलं होतं. स्फोटाचा हादरा जमिनीतून आधी येतो, हवेतला दणका क्षणभर मागून. माइकच्या ओळीवर ते स्पष्ट दिसतं. आखूड आणि तुटक धक्का असेल आणि मागून दणका नसेल तर तो घरातलाच. सरांनी पेन्सिलने वेगळं करत आणलं. शेवटच्या छोट्या काट्यांशी थांबले.

"हे ब्लास्टनंतरचे?"

"हो."

"हे माथुरने पाठवलेल्या आलेखात नव्हते."

"नव्हते सर."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.  दुपारी त्यांनी स्वतः कॉल लावला.

माथुर साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बघा, मी म्हणालोच होतो. मशीनला हात लावला त्या बाईने."

"लावला," सर म्हणाले. "त्याच्या आधी आणखी कुणीतरी लावला. बॅटरी बघायला तुम्ही कुणाला पाठवलं होतं का?"

माथुर साहेबांनी समोरचे कागद चाळले. 

"आमचा सेफ्टीचा कुणी गेला असेल," ते म्हणाले. "रुटीन चेक."

"बॅटरी आम्हाला इथून दिसते. ती भरलेली होती. आणि करारात लिहिलंय, युनिटला आमच्याच माणसाने हात लावायचा."

"राघवेंद्रजी, हे रिपोर्टमध्ये टाकायची गरज आहे का?"

"तेच मी विचारतोय. कशाकशाची गरज आहे ते आपण ठरवू."

पुढचं बोलणं सरांनी मला बाहेर पाठवून केलं. मी पँट्रीत बसू अण्णांजवळ जाऊन बसले. अण्णा फील्डवरून आले होते आणि त्यांना सगळं कळलेलं होतं.

"बघ, मी म्हणालो होतो ना हुशार बाई हाय," ते म्हणाले. "आणि तू माझ्यावर संशय घेतलीस."

"घेतला अण्णा."

"घ्यावा लागतंय. आता स्वल्प चहा घे."

रिपोर्टमध्ये टॅम्परिंग हा शब्द आला नाही. हेल्मेटवाला माणूसही आला नाही. 'युनिट तीनची जागा बदलल्यामुळे काही काळाचे आकडे ग्राह्य नाहीत, नव्याने मोजणी करावी,' एवढंच आलं. माथुर साहेबांनी फेरमोजणी मान्य केली. त्या बदल्यात काय सोडलं गेलं ते मला समोर दिसत होतं. मी सरांना विचारलं, तो माणूस का लिहिला नाही? सर म्हणाले, "आपण त्याला बघितलं नाही. बाईंनी बघितलं." हे उत्तर चूक नव्हतं. पण त्याने माझं समाधान झालं नाही, अजून होत नाही.

बसू अण्णा पुन्हा गेले. या वेळी युनिट घराबाहेर, भिंतीच्या पायाला लागून जमिनीत पुरलं, वर कुलूप लावलेली पेटी. शकुंतलाबाई म्हणाल्या, किल्ली माझ्याकडे द्या. अण्णा म्हणाले, तसं चालत नाही. त्यावर बाईंनी पेटीच्या शेजारी आपली बाज टाकली आणि दुपारी तिथंच तांदूळ निवडत बसायला लागल्या. अण्णांनी फोटो पाठवला. पेटी, बाज, आणि कॅमेऱ्याकडे न बघणारी बाई.

नवे आकडे आले. आलेख स्वच्छ होता, भांडी कुठेच नव्हती. तरी काही दिवशी स्फोट मर्यादेच्या वर गेलेला होता. यावर कुणाला काही म्हणता येईना. ठेकेदाराला वस्तीच्या बाजूचे सुरुंग लहान करावे लागले. म्हणजे एका वेळी कमी दारू उडवायची, वेळ थोडा जास्त घ्यायचा. त्यानंतरचे आकडे मर्यादेत राहिले. मी शकुंतलाबाईंना कळवायला फोन केला.

"हो, कमी लागते आता," त्या म्हणाल्या. "भेग तशीच आहे. थे कोन बुजवनार?"

"ते आमच्याकडे नाही, मावशी. आम्ही फक्त मोजतो."

"असंच म्हणतेत सगळे," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. मग माझ्या आईचं नाव विचारून घेतलं.

इंटर्नशिप संपताना सरांनी मला नोकरी देऊ केली आणि त्याच बैठकीत सांगितलं की चंद्रपूरचं काम यापुढे मला मिळणार नाही. "शिक्षा नाही ही," ते म्हणाले. "उद्या कुणी विचारलं की त्या मुलीचं घर कुठे, तर मला उत्तर द्यावं लागेल." मला वाईट वाटलं. मी सरांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, असं मला आता वाटतं. कधी कधी वाटत नाही.

सध्या मी राजाजीनगरमध्ये एका बांधकामावर आहे. तळघरासाठी खडक फोडतायत, शेजारच्या जुन्या घरात आमचं युनिट आहे. घरमालकीण वयस्कर आहेत. यंत्र आत आणू देण्याआधी त्यांनी माझं ओळखपत्र दोनदा वाचलं. युनिट बसवून झाल्यावर मी त्यांना माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, तिकडे फोडाफोडी सुरू झाली की तुम्ही घरात काय करता?" हा प्रश्न मी आता प्रत्येक जागी विचारते. आमच्या छापील फॉर्ममध्ये तो नाही.

"काही नाही," अम्मा म्हणाल्या.

पहिल्या दिवशी सगळे हेच सांगतात. म्हणून मी चार दिवसांनी पुन्हा जाते.